महागडी वाइड प्राइम परतीच्या मुदतीत कशी तपासावी

"जरा बघून सांगा, लेन्स सॉफ्ट आहे का?" (म्हणजे फोटो हवे तेवढे शार्प येत नाहीत का) असा निरोप मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. सोबत एक फोटो असतो. गॅलरीतून समोरच्या इमारतीचा, कॅमेरा हातात धरून, एफ/१.४ वर (अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं भोक, पूर्ण उघडं ठेवून), भर दुपारी काढलेला आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आल्यामुळे आधीच चेपलेला. त्यावरून लेन्सबद्दल काहीही सांगता येत नाही. फोटो काढणाऱ्याच्या घाईबद्दल मात्र बरंच कळतं.

चूक उलट्या बाजूनेही होते आणि ती मी स्वतः केली आहे. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून सेकंडहँड २४ एमएम घेतली. वाइड प्राइम, म्हणजे झूम न होणारी, रुंद दृश्य टिपणारी लेन्स. काउंटरवरच चार फोटो काढले, स्क्रीनवर मोठे करून मधला भाग पाहिला, खूश झालो, पैसे दिले. तीन महिन्यांनी सांदण दरीचा एक फोटो मोठा छापायला काढला. डावीकडच्या कातळावरची भेग न् भेग मोजता येत होती आणि उजवीकडचा कातळ ओल्या फडक्याने पुसल्यासारखा. जुने फोटो उघडले तर पहिल्या दिवसापासून सगळ्यांची उजवी बाजू तशीच. दुकानदार म्हणाला, "साहेब, तीन महिने वापरलीत की." त्याचंही चुकलं नव्हतं.

## आधी हे वेगळं करा: नग आणि रचना

लेन्स तपासायची म्हणजे खरं तर दोन कामं असतात. एक, कंपनीने ती लेन्स मुळात कशी बनवली आहे ते पाहणं. कोपऱ्यातल्या ताऱ्याला पंख फुटतात का, कडा किती काळवंडतात, सूर्य समोर आला की काय होतं, हे त्या मॉडेलच्या सगळ्या लेन्समध्ये थोड्याफार फरकाने सारखंच असतं. दुसरं काम, तुमच्या वाट्याला आलेला नग धड आहे का ते पाहणं. आतली एखादी काच केसभर तिरकी बसली असेल, तर तो त्या एका नगाचा दोष.

रचनाच पसंत नसेल तर नग बदलून घेण्यात अर्थ नाही, आणि नगच बिघडलेला असेल तर वीस परीक्षणं वाचून काही हाती लागत नाही. परतीची मुदत सहसा आठ-दहा दिवसांची असते. त्यातले पहिले चार दिवस लोक बोकेचे, म्हणजे मागचं सगळं धूसर केलेले, फोटो काढण्यात घालवतात. म्हणून क्रम ठरवून घ्या. टप्पे १ ते ४ नगाचे, ते पहिल्या दोन-तीन दिवसांत उरकायचे. ५ ते ८ रचनेचे. तेही मुदतीतच, पण नंतर.

उदाहरणासाठी मी सोनीची एफई २४ एमएम एफ/१.४ जीएम धरली आहे. २०१८ मध्ये आलेली, वजन ४४५ ग्रॅम, फिल्टरचं माप ६७ एमएम, अ‍ॅपर्चरला ११ पाती. तुमची सिग्माची २० एमएम एफ/१.४ असो, निकॉनची झेड २० एमएम एफ/१.८ असो की सोनीचीच १४ एमएम, पद्धत तीच राहते, आकडे बदलतात. आकडे सगळे फुल फ्रेमचे (३६×२४ एमएमच्या सेन्सरचे) आहेत.

## तयारी: इथे चुकलात तर पुढचं सगळं वाया

कॅमेऱ्यातल्या दुरुस्त्या बंद करा. मेन्यूत लेन्स कॉम्पेन्सेशन अशा काहीशा नावाखाली तीन गोष्टी सापडतील: कडांचा अंधार, रंगांच्या कडा आणि वाकलेल्या रेषा. तिन्ही बंद. काही कॅमेरा बॉडींवर काही लेन्ससाठी शेवटची बंद होतच नाही. त्याचं टप्पा ६ मध्ये बघू.

रॉ फाइलच (सेन्सरवरची कच्ची नोंद) काढा. जेपेगमध्ये कॅमेरा शार्पनिंग करतो आणि नॉइज पुसतो. तपासणी मग लेन्सची न होता कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरची होते.

ट्रायपॉड, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. "वाइडला कशाला ट्रायपॉड, १/५०० वर तर काढतोय" असं म्हणणारे खूप भेटतात. प्रश्न हात हलण्यापुरता नाही. दोन फोटोंच्या मध्ये तुम्ही इंचभर पुढे-मागे होता आणि मग कोणता कोपरा कशामुळे बिघडला हे कळत नाही.

यूव्ही फिल्टर काढा, हूड लावा. आठशे रुपयांच्या काचेतून लाखाची लेन्स तपासू नका.

वेळ सकाळची ठेवा, साडेसात ते नऊ. याला दोन कारणं आहेत. कडक उन्हात आयएसओ १०० वर एफ/१६ ला साधारण १/१०० शटर लागतं. एफ/१.४ म्हणजे तिथून सात स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट), म्हणजे १/१२८०० च्या आसपास. बहुतेक बॉडींचं मेकॅनिकल शटर १/८००० ला थांबतं, त्यामुळे फोटो जळतो. दुसरं कारण जास्त फसवं आहे. दुपारी पत्र्यांवरून आणि डांबरावरून गरम हवा उठते आणि लांबची इमारत त्या हवेत थरथरते. एप्रिलमध्ये नागपूरला किंवा सोलापूरला दुपारी काढलेल्या टेस्ट फोटोंवरून कोणतीही लेन्स नापास होईल.

शेवटी एक वही. प्रत्येक मालिकेआधी कागदावर मोठ्या अक्षरात "टप्पा २, एफ/१.४" असं लिहून त्याचा एक फोटो काढा. घरी येऊन एकसारख्या साठ फाइल उघडल्यावर या कागदांची किंमत कळते.

## टप्पा १: डोळ्यांनी आणि कानांनी

पार्सल असेल तर सील फोडण्यापासून व्हिडिओ चालू ठेवा. मग:

1. खोका, लेन्स आणि बिल या तिन्हींवरचा सीरियल नंबर जुळवा. बिल पक्कं असायला हवं आणि वॉरंटी भारतातली. ग्रे मार्केटचा (अधिकृत वितरकाला वगळून आलेला) माल स्वस्त पडतो तो याच जागी.
2. माउंटवर (कॅमेऱ्याच्या जोडणीच्या कड्यावर) चढवून हलकेच डावी-उजवीकडे फिरवून बघा. नखभर सैलपणा चालतो, खटखट आवाज नको.
3. लेन्स बॉडीवरून काढून मोबाइलचा टॉर्च एका बाजूने तिरका मारा, दुसऱ्या बाजूने आत पाहा. टॉर्च सरळ मारलात तर नुसता उजेड दिसेल.
4. पुढची कड, फिल्टरची आटी आणि स्क्रूंची डोकी पाहा. स्क्रूच्या खाचा खरवडलेल्या असतील तर लेन्स कोणीतरी उघडली आहे.

टॉर्चमध्ये धुळीचे चार कण दिसणारच. नव्या लेन्समध्येही दिसतात आणि फोटोत त्यांचा काही फरक पडत नाही. घाबरायचं ते कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे पसरलेले दिसले तर. ती बुरशी. मुंबईत आणि कोकणात दोन पावसाळे कपाटात काढलेल्या सेकंडहँड लेन्समध्ये हे पहिलं बघायचं. संपूर्ण काच धुरकट दिसली तरी घेऊ नका. पुढच्या काचेवरच्या ओरखड्यापेक्षा मागच्या काचेवरचा ओरखडा जास्त त्रास देतो, कारण ती सेन्सरच्या जवळ असते.

सावधान: काही आधुनिक लेन्स कॅमेरा बंद असताना हलवल्या की आत काहीतरी सुटल्यासारखा खडखड आवाज येतो. लिनिअर मोटरवर सरकणारी फोकसची काच वीज नसताना मोकळी असते, म्हणून. कॅमेरा चालू केल्यावर आवाज थांबला तर तो दोष नव्हे. या एका आवाजामुळे कितीतरी धडधाकट लेन्स परत गेल्या असतील.

आणि "वेदर सील्ड" लिहिलंय म्हणून पाणी उडवून बघू नका. माउंटभोवतीचं रबर शाबूत आहे एवढं पाहायचं.

## टप्पा २: चारही कोपरे सारखे आहेत का

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि यात लोक विटांच्या भिंतीसमोर उभे राहून चुकतात. भिंतीचा फोटो तेव्हाच खरं बोलतो, जेव्हा सेन्सर भिंतीला अगदी समांतर असतो. वाइड लेन्सने भिंत फ्रेमभर घ्यायची तर तुम्ही दोन-तीन मीटरवर असता. एफ/१.४ वर कॅमेरा एखाद-दोन अंश तिरका झाला तरी एक बाजू सॉफ्ट दिसते आणि बिचाऱ्या लेन्सवर आळ येतो.

त्यापेक्षा एकच लांबची वस्तू निवडा आणि ती आळीपाळीने प्रत्येक कोपऱ्यात आणा. पाण्याची टाकी, मोबाइलचा टॉवर, देवळाचा कळस, काहीही चालेल, बारीक तपशील हवा. अंतर १०० ते ३०० मीटर. २४ एमएम एफ/१.४ चं हायपरफोकल अंतर (जिथे फोकस केला की पलीकडचं सगळं पुरेसं शार्प दिसतं ते) नेहमीच्या हिशोबाने १४ मीटरच्या आसपास येतं. पण पिक्सेलला पिक्सेल लावून बघायचं म्हटलं तर तेच ८० मीटरवर जातं. त्याच्या अलीकडची वस्तू घेऊ नका.

1. टॉवर बरोबर मधोमध घ्या. एफ/१.४ वर ऑटोफोकस करा, लगेच मॅन्युअलवर टाका. यानंतर फोकस रिंगला हात लावायचा नाही. रिंगवर चिकटपट्टीचा तुकडा लावा.
2. मधला फोटो काढा.
3. ट्रायपॉडचं डोकं फिरवून टॉवर वरच्या डाव्या कोपऱ्यात आणा. अगदी टोकाला नको, टोकापासून फ्रेमच्या रुंदीच्या साधारण विसाव्या भागाएवढा आत.
4. तसंच वर उजवीकडे, खाली उजवीकडे, खाली डावीकडे. मग डाव्या आणि उजव्या कडेच्या मध्यावर.
5. पुन्हा मध्यावर. हा शेवटचा फोटो पहिल्याशी जुळला नाही तर फोकस सरकला आहे. मालिका रद्द, पुन्हा सुरुवात.
6. हेच सगळं एफ/२.८ आणि एफ/५.६ वर.

टॉवर जागचा हलत नाही, त्याचं अंतर बदलत नाही, भिंतीला समांतर राहायची भानगड नाही. चारही कोपऱ्यांवर सारखाच अन्याय होतो, त्यामुळे एखादा वेगळा दिसला तर दोष लपत नाही.

घरी चारही कोपरे शेजारी-शेजारी ठेवा आणि १०० टक्क्यांवरच पाहा. २०० टक्क्यांवर नको. ६१ मेगापिक्सेलची फाइल साध्या मॉनिटरवर १०० टक्क्यांवर म्हणजे जवळपास आठ फूट रुंद छापील फोटो नाकाला लावून बघण्यासारखं आहे. तेवढं पुरे.

आता वाचायचं कसं? चारही कोपरे एफ/१.४ वर मध्यापेक्षा सारखेच कमी शार्प असतील तर ती रचना आहे, नग ठीक. एक कोपरा एफ/१.४ वर किंचित मागे आहे पण एफ/२.८ ला इतरांना गाठतो, तर मी ठेवून घेतो. काचा माणसंच बसवतात, शंभर टक्के सारखा नग मिळत नाही. एक कोपरा किंवा एक अख्खी बाजू एफ/५.६ लाही माती खातेय, तर परत. इथे भीड नको. "वापरून होईल सवय" असं मी माझ्या त्या लेन्सबद्दल म्हणत राहिलो होतो.

तपासा: परत करण्याआधी एक खात्री. त्याच बॉडीवर दुसरी लेन्स लावून तीच मालिका काढा. तीच बाजू पुन्हा सॉफ्ट आली तर दोष बॉडीच्या माउंटचा किंवा सेन्सरचा आहे, आणि तुम्ही चुकीच्या दुकानात भांडायला निघाला होता.

## टप्पा ३: "कोपरे सॉफ्ट" म्हणण्याआधी फोकसचा आकार पाहा

फोकसचं प्रतल, म्हणजे ज्या पातळीवर सगळं शार्प दिसतं ती, सपाट असतं, असं आपण धरून चालतो. बऱ्याच वाइड लेन्समध्ये ते बशीसारखं वाकलेलं असतं. मध्याला फोकस केला की कोपऱ्यातला फोकस पुढे किंवा मागे पडतो. म्हणजे कोपरा नुसता फोकसबाहेर असतो. काच बिघडलेली नसते.

ओळखायचं सोपं आहे. टॉवर कोपऱ्यात ठेवा, फोकस पॉइंट त्याच कोपऱ्यात नेऊन फोकस करा आणि फोटो काढा. टप्पा २ मधल्या त्याच कोपऱ्याशी ताडून पाहा. एकदम सुधारला तर बशी आहे.

बशी कोणत्या बाजूला वाकली आहे तेही कळतं. मैदानावर कॅमेरा कमरेच्या उंचीवर, थोडा खाली झुकवून, पाच-सहा मीटरवर मध्याला फोकस, एफ/१.४. मग फोटो एडिटरमध्ये "फाइंड एजेस" फिल्टर लावा. गवताचा जो पट्टा शार्प आहे तेवढाच गडद उमटतो. पट्टा सरळ, की कडांना तुमच्याकडे वळलेला, की पलीकडे? आणि तो डावी-उजवीकडे सारखाच वळतो का? एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली असेल, तर टप्पा २ चा निकाल इथे दुसऱ्या तोंडाने ऐकलात.

## टप्पा ४: ऑटोफोकसची हजेरी

लांबच्या वस्तूवर दहा, दीड-दोन मीटरवरच्या वस्तूवर दहा आणि संध्याकाळी घरातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात दहा. प्रत्येक फोटोआधी फोकस मुद्दाम दुसऱ्या टोकाला घालवायचा, निम्म्या वेळा जवळच्या, निम्म्या वेळा लांबच्या. दहापैकी नऊ शार्प आले तर ठीक. सहा आले तर लेन्स आणि बॉडी दोन्हींचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करून पुन्हा करा, मग बोला.

यात आपली एक जुनी खोड आडवी येते. मधल्या पॉइंटने चेहऱ्यावर फोकस करायचा, मग कॅमेरा वळवून चौकट जमवायची. चेहरा दोन मीटरवर असेल आणि तुम्ही कॅमेरा ३० अंश वळवलात, तर फोकसचं प्रतल चेहऱ्याच्या मागे जवळपास २७ सेंटीमीटर जातं. २४ एमएमवर एफ/१.४ ला ते शार्पच्या अगदी उंबरठ्यावर आहे. डोळे मऊ, मागचं तोरण टवटवीत. हा लेन्सचा दोष समजून मला आलेले फोटो मोजायचेच सोडले. फोकस पॉइंट चेहऱ्यावर सरकवा.

नगाची परीक्षा इथे संपली. पास झाला असेल तर निवांतपणे पुढे चला.

## टप्पा ५: रात्री, कोपऱ्यातला तारा

ताऱ्यांसाठी घेणार नसाल तर हा टप्पा सोडा, खरंच. एफ/१.४ ची वाइड प्राइम घेणारे निम्मे लोक मात्र भंडारदऱ्याचं आकाश डोळ्यांसमोर ठेवूनच घेतात.

आकाशगंगा दिसायची गरज नाही, गच्चीवरून चार ठळक तारे दिसले तरी चालतं. हिवाळ्यात व्याध, उन्हाळ्याच्या सुरुवातीला स्वाती. ठळक तारा मध्याजवळ घ्या, लाइव्ह व्ह्यू पूर्ण मोठा करा आणि तो सर्वांत लहान ठिपका होईल तिथे मॅन्युअल फोकस ठेवा. "इन्फिनिटी"च्या खुणेवर भरवसा नको, या लेन्सची रिंग त्याच्या पुढेही फिरते.

आता एक्स्पोजर. इथे सर्रास चूक होते. ५०० ला फोकल लेंग्थने भागा, २४ एमएमला २० सेकंद, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. तो छान दिसणाऱ्या फोटोसाठी आहे, तपासणीसाठी नाही. आकाश दर सेकंदाला १५ कंससेकंद (कंससेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतं. २४ मेगापिक्सेलच्या बॉडीवर २४ एमएम लेन्सचा एक पिक्सेल साधारण ५० कंससेकंद व्यापतो, म्हणजे तीन-साडेतीन सेकंदांत तारा एक पिक्सेल ओलांडतो. २० सेकंदांत सहा. ती रेघ बघून "कोमा आहे" (लेन्समुळे कडेचा तारा पसरतोय) म्हणणाऱ्याने पृथ्वीच्या फिरण्याची तक्रार दुकानदाराकडे केली आहे. म्हणून तीन सेकंद ठेवा आणि आयएसओ ६४०० वर जा. नॉइज येऊ द्या.

एफ/१.४, १.८, २, २.८ असे चार फोटो. कोपऱ्यातल्या ताऱ्याला पक्ष्यासारखे पंख असतील तर कोमा आणि अ‍ॅस्टिगमॅटिझम या लेन्सच्या दोन दोषांचं ते मिश्रण आहे. पंख थोडेफार बहुतेक लेन्सना असतात. प्रश्न एवढाच की ते कोणत्या अ‍ॅपर्चरला मिटतात. एफ/२ ला मिटले तर लेन्स उत्तम. एफ/२.८ पर्यंत थांबावं लागत असेल, तर तुम्ही एफ/१.४ चे पैसे मोजून ताऱ्यांसाठी एफ/२.८ ची लेन्स घेताय. मग झूम काय वाईट?

ढग असतील तर खाडीपलीकडचे किंवा टेकडीखालचे रस्त्यावरचे दिवे चालतील. एक्स्पोजर इतकं कमी ठेवा की दिव्याचा गोळा न होता ठिपका राहील.

## टप्पा ६: काळवंडलेल्या कडा आणि वाकलेल्या रेषा

लेन्सच्या तोंडावर ट्रेसिंग पेपर ताणून धरा, किंवा आकाशदर्शनवाले करतात तसा धुतलेला पांढरा गंजी. सूर्य नसलेल्या बाजूच्या मोकळ्या आकाशाकडे रोखा. फोकस लांबवर, एफ/१.४. रॉ सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोजरची पट्टी ओढत जा. कोपरा आधीच्या मध्याएवढा उजळ व्हायला +२ लागलं तर कडेला साधारण दोन स्टॉपचा अंधार आहे.

दिवसा याचं काही वाटत नाही, एका क्लिकमध्ये जातो. रात्री मात्र आयएसओ ३२०० वरचा कोपरा दोन स्टॉप उचललात की तिथला नॉइज १२८०० सारखा दिसतो. म्हणून टप्पा ५ आणि ६ चे निकाल एकत्र वाचायचे.

रेषांसाठी बाथरूमच्या टाइल्स किंवा खिडकीचं ग्रिल. सरळ रेष फ्रेमच्या लांब कडेला चिकटून ठेवा. फाइल डार्कटेबल किंवा रॉथेरपीमध्ये लेन्सची दुरुस्ती बंद ठेवून उघडा. दोन्ही फुकट आहेत. लाइटरूममध्ये बऱ्याच मिररलेस लेन्सची दुरुस्ती आपोआप लागते आणि काहींची बंदच करता येत नाही, त्यामुळे तिथे सगळ्या लेन्स सरळमार्गी दिसतात. मूळ फाइलमध्ये रेष खूप फुगत असेल तर दुरुस्तीत कोपरे ताणले जातात आणि ताणलेला कोपरा थोडा तपशील गमावतो. दुरुस्तीनंतरचा कोपरा तुम्हाला पटत असेल तर पुढे चला. सॉफ्टवेअरने सरळ केली म्हणून लेन्स हलकी ठरत नाही, हे माझं मत. काही जुन्या मंडळींना ते मान्य नाही.

## टप्पा ७: सूर्य समोर

संध्याकाळी सूर्य क्षितिजापासून हातभर वर असताना. आधी पुढची काच ब्लोअरने आणि मायक्रोफायबरने साफ करा. बोटाचा एक ठसा अख्ख्या टप्प्याचं मातेरं करतो.

सूर्य मध्यात, सूर्य कोपऱ्यात आणि सूर्य फ्रेमच्या जरासा बाहेर. तिन्ही एफ/१.४ आणि एफ/११ वर. तिसरी जागा लोक विसरतात, आणि वाइड लेन्स सगळ्यात जास्त तिथेच मार खाते, कारण २४ एमएमचं हूड जेमतेम दोन बोटं रुंद असतं. दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. रंगीत ठिपक्यांची माळ दिसली तर ते घोस्ट, ते पुसता येतात. सगळा फोटोच दुधाळ झाला तर तो पडदा, तो पुसता येत नाही.

एफ/१६ वर सूर्याभोवतीचे किरण मोजा. पाती विषम असतील तर किरण दुप्पट येतात, म्हणजे ११ पात्यांना २२, ९ ला १८. सम असतील तर तेवढेच. एखादा किरण आखूड किंवा गायब असेल तर अ‍ॅपर्चरचं एखादं पातं नीट मिटत नाही. म्हणजे रचनेच्या टप्प्यात नगाचाच दोष सापडला.

सावधान: डीएसएलआरच्या ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे पाहू नका. मिररलेस असला तरी एफ/१.४ उघडं ठेवून कॅमेरा मिनिट-मिनिट सूर्यावर रोखून ठेवू नका.

## टप्पा ८: जवळून वर्तमानपत्र, मग तुमचं काम

वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान टेबलावर पसरा. कॅमेरा ४५ अंशांत, अर्ध्या मीटरवर. "वधू पाहिजे"च्या एका ओळीवर एफ/१.४ ला फोकस करा, मॅन्युअलवर टाका. त्या ओळीच्या अलीकडची अक्षरं जांभळट आणि पलीकडची हिरवट दिसतील. थोडी दिसतातच. लग्नात जरीवर आणि दागिन्यांवर हेच रंग चढतात आणि काढायला जड जातात, म्हणून नोंद करा. मग फोकस न बदलता एफ/२ आणि एफ/२.८. सर्वांत शार्प ओळ खाली-वर सरकली तर फोकस शिफ्ट आहे. अशा लेन्सवर ज्या अ‍ॅपर्चरला फोटो काढायचा त्याच अ‍ॅपर्चरला फोकस करायची सवय लावा.

उरलेले दिवस नेहमीचं काम करा. वाडा, पंगत, घाट, जे काही काढत असाल ते. यात एक तक्रार हमखास येते: "ग्रुप फोटोत कडेच्या मावशी जाड दिसतात." तो दोष कोणत्याच कंपनीचा नाही. सरळ रेषा सरळ ठेवणारी कोणतीही वाइड लेन्स कडेची गोल वस्तू ताणतेच. टेबलावरचं संत्रं फ्रेमच्या मध्यातून कोपऱ्यात नेऊन पाहा. ३५ एमएमवर ते साधारण १.१८ पट लांबट होतं, २४ वर १.३५ पट, १४ वर १.८ पटीहून जास्त. मावशींना मध्ये घ्या आणि कडेला खांब ठेवा. याच पटी बघून कधीकधी लक्षात येतं की आपल्याला २४ नको, ३५ हवी होती. ते मुदतीत लक्षात आलेलं बरं. घ्यायच्या आधीच लक्षात यायला हवं असेल, तर दोन दिवस भाड्याने आणा. मुंबई-पुण्यात डिपॉझिट ठेवून अशा लेन्स मिळतात.

## परत करायची वेळ आली तर

"सॉफ्ट वाटतेय" असं म्हणू नका. दुकानदार हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकतो. टप्पा २ मधले चार कोपरे एका पानावर चौकोनात मांडा, प्रत्येकाखाली अ‍ॅपर्चर लिहा, त्यांच्या खाली दुसऱ्या लेन्सचे तेच चार कोपरे. मूळ रॉ फाइल पेनड्राइव्हवर. फोनवर बोलणं झालं तरी त्याच दिवशी ईमेल करा आणि तारीख राहू द्या. बदली नग मिळाला तर तो बरा असेलच असं धरू नका, टप्पा १ पासून पुन्हा. एकदा माझा दुसरा नग पहिल्यापेक्षा वाईट निघाला होता, तिसरा अजून वापरतोय.

आणि परतीची मुदत संपेपर्यंत खोका, आतला पुठ्ठा, प्लास्टिकची पिशवी, सिलिका जेलची पुडी यातलं काहीही घरच्यांना आवरू देऊ नका.